भर उन्हात तळ्यावर बसतो, फ्लोट (पाण्यावरची तरंगती खूण) हलत पण नाही. काय चुकतंय?

रविवारचा_गळ
नमस्कार मंडळी. रॉड घेऊन दोन महिने झाले, दर रविवारी तळ्यावर जातो, आणि आजपर्यंतची कमाई म्हणजे बोटाएवढ्या दोन तिलापिया आणि एक चप्पल (ती पण डाव्या पायाची). सकाळी घरातली कामं आवरून निघेपर्यंत दहा वाजतात, मग अकरा ते तीन बसतो. बांधाजवळ जिथे पाणी सगळ्यात खोल आहे तिथे बसतो आणि जमेल तितकं लांब फेकतो, कारण मोठे मासे आतच असणार ना. शिसं (दोरीला लावलेलं वजन) तळाला टेकवून ठेवतो. कणकेचा गोळा, गांडूळ, मक्याचे दाणे, ब्रेड, सगळं लावून झालं. पाणी हिरवट आणि हात घातला तर चक्क कोमट लागतं. एक म्हातारे काका रोज तिथे असतात, मी पोचतो तेव्हा ते सामान आवरत असतात आणि त्यांच्या जाळीत तीनचार चांगले मासे असतात. काय लावता विचारलं तर नुसते हसतात. ते कोणतं आमिष वापरत असतील कोणी सांगेल का?

खंड्या
तुम्ही पोचता तेव्हा काका निघतात. उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे की राव.

गाळात_पाय
दुसरी चप्पल मिळाली की कळवा.

निवांत_बगळा
आमिषाचा विषय जरा बाजूला ठेवू. तुम्ही मासे नसलेल्या जागी, मासे खात नसलेल्या वेळी बसताय, तिथे सोन्याचं आमिष लावलं तरी काय होणार.

मासा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांनी घेतो, आणि पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साधारण ९ मिलिग्रॅम लिटरमागे, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. फरक थोडा वाटतो, पण माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं, त्यामुळे दहा अंश वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज जवळजवळ दुप्पट होते. आवक कमी आणि खर्च डबल. असा मासा दुपारी सावली धरून गप्प उभा राहतो, तुमच्या गोळ्यामागे कशाला पळेल.

आता तुमचं ते खोल पाणी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. पोहायला उतरलं की छातीला गरम आणि पायाला एकदम गार लागतं बघा, तेच. खालच्या थराला वरून नवीन ऑक्सिजन मिळत नाही आणि तळाशी पानं, शेवाळ, मेलेले किडे कुजत असतात ते आहे तोही संपवतात. हिरव्या तळ्यात भर उन्हाळ्यात तळाशी तो जवळपास शून्यावर येतो. मासे आत खोलवर थंडाव्याला बसले असतील असं आपल्याला वाटतं, पण तिथे त्यांचा जीव गुदमरतो. तुम्ही तर शिसं नेमकं तिथेच टेकवताय.

खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी शिसं वर काढून वास घ्या. काळा गाळ आणि सडक्या अंड्यासारखा वास आला तर ती जागा सोडा.

रविवारचा_गळ
गाळ काळाच येतो!! वास कधी घेतला नाही पण मागच्या रविवारी बायको म्हणाली होती की टीशर्टला कसला घाण वास येतोय, मी म्हटलं गांडुळाचा असेल.

पाणकोंबडी
मला लांब फेकायला जमतच नाही, खांदा दुखतो, म्हणून मी पहिल्यापासून काठाशीच टाकते. आणि गंमत म्हणजे शेजारी जोर लावून फेकणारे हात हलवत जातात आणि मला मासे लागतात :) गरम पाण्याच्या तळ्यात खाणं सगळं काठाला असतं हो, गवतातले किडे, गोगलगायी, झाडावरून पडणारी फळं, छोटी पिल्लं. मी कमरेएवढं ते पुरुषभर पाणी शोधते, शेजारी पाणवेलीची कड किंवा पाण्यावर वाकलेलं झाड असेल तर फारच छान.

पण काठाला टाकायचं तर काठावर वागायचंही तसं. कार्प, रोहू, कटला आणि सगळे मिशावाले कॅटफिश यांना ऐकू फार चांगलं येतं, त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, तीमधून आवाज पोचतो. त्यामुळे पाय आपटत जाणं, बादली दाणकन ठेवणं, मोबाईलवर गाणी, हे सगळं त्यांना कळतं. मी पाण्यापासून चार पावलं मागे बसते आणि माझी सावली पाण्यावर पडू देत नाही.

दगड_मारणारा
गाणी लावली तरी मासे येतात, मला आलेत.

पाणकोंबडी
तिलापिया असतील. तिलापियाला ती हाडं नसतात, तुमचं नशीब.

डोहकाठी
वरच्या सगळ्यांशी सहमत, पण मूळ मुद्दा वेळेचा आहे. पहाटे चारला जाऊन बसा, अंधारात. रात्रभर पाणी थंड झालेलं असतं. माझं तीस वर्षांचं गरवणं आहे, उजाडायच्या आधीचा तास तो सोन्याचा तास.

मीनमेख
डोहकाठी काका, आदर आहे, पण नावाप्रमाणे मीनमेख काढतो. तुमचं तळं स्वच्छ पाण्याचं असणार. धागाकर्त्याचं पाणी हिरवं आहे म्हणजे त्यात बारीक शेवाळ भरपूर. दिवसा ते उजेडात ऑक्सिजन तयार करतं, पण रात्री उजेड नसला की तेच शेवाळ श्वास घेतं आणि ऑक्सिजन खातं. म्हणजे संध्याकाळी सगळ्यात जास्त आणि उजाडायच्या आधी सगळ्यात कमी. हिरव्या तळ्यात मासे मरतात ते बहुतेक पहाटेच मरतात, याच कारणाने. तुमच्या सोन्याच्या तासाला तिथले मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडमीट करत असतात, कसलं खातायत.

डोहकाठी
तीस वर्षं काय मी झोपा काढत होतो काय.

मीनमेख
अहो तसं नाही हो काका. तुमचं तुमच्या पाण्यापुरतं बरोबर आहे. बाटलीत पाणी भरून बघितलं आणि आरपार दिसलं तर पहाट उत्तम. हाताचा पंजा कोपरापर्यंत बुडवून बोटं दिसेनाशी झाली तर उजाडल्यावर तासाभराने सुरू करायचं, किंवा सरळ संध्याकाळी. रविवारचा_गळ यांच्या तळ्यावरचे ते म्हातारे काका कितीला येतात कोणी विचारलंय का?

रविवारचा_गळ
चहावाल्याने सांगितलं की साडेसहाच्या सुमाराला येतात आणि दहाला जातात.

डोहकाठी
हं. साडेसहा म्हणजे उजाडलेलंच असतं. ठीक आहे, हिरव्या पाण्यापुरतं मान्य. पण मासे वर येऊन तोंड उघडतायत ते गुदमरून की खायला, हे ओळखायला शिका नाहीतर उगाच पळून जाल. गुदमरलेले मासे एका जागी थवा करून हळूहळू गिळगिळ करतात, हात हलवला तरी खाली जायला बघत नाहीत. खायला आलेला मासा टपकन वर येतो, वर्तुळ उठतं आणि गायब. मरळ हा तिसरा प्रकार, तिला हवेतूनच श्वास घ्यावा लागतो म्हणून ती अधूनमधून वर येऊन बुडबुडा सोडून जाते, पाणी कितीही चांगलं असलं तरी.

निवांत_बगळा
वाद चांगला झाला. त्यात वाऱ्याची भर घालतो. वारा ज्या काठाकडे वाहतो त्या काठावर बसा, म्हणजे वारा तोंडावर घेऊन. फेकायला त्रास होतो म्हणून सगळे पाठीवर वारा घेऊन बसतात आणि तिथेच चुकतात. वाऱ्याने वरचं पाणी, त्यातलं तरंगणारं खाणं, किडे सगळं त्या काठाला ढकललं जातं, आणि लाटा फुटतात तिथे हवा पाण्यात मिसळते. काठाला टाकायचं असेल तर लांब फेकायची गरजच कुठे उरते.

खंड्या
+१. फक्त एक, गरम दिवसांत दुपारी भरून आलं आणि ढग गडगडले तर मासे छान खातात हे खरं असलं तरी उठून जायचं. कार्बनचा रॉड म्हणजे हातात धरलेली विजेची तार आहे. वरून विजेच्या तारा जात असतील तिथेही बसू नका.

नवा_गळ
मी पण नवीन आहे. दुकानदाराने १२ नंबरचा गळ दिला, मी म्हटलं लहान द्या तर त्याने ४ नंबरचा दिला, तो मोठा निघाला. काय भानगड आहे?

खंड्या
नंबर वाढला की गळ लहान होतो. १२ बारीक, ८ त्याहून मोठा, ४ अजून मोठा, १ पर्यंत असं. त्यानंतर १/०, २/० सुरू होतं आणि तिथे मात्र आकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. कोणी ठरवलं देव जाणे. तिलापिया, सनफिश वगैरे लहान तोंडाच्यांना ८ ते १२, कार्प रोहूला ४ ते ८, मोठ्या कॅटफिशला १/० च्या पुढे. नवीन माणूस कायम गळ मोठा घेतो, लहान गळावर मोठा मासा येतो पण मोठ्या गळावर लहान तोंडाचा मासा येत नाही, तो नुसता आमिष कुरतडून नेतो आणि आपण म्हणतो खेकडा आहे खेकडा आहे.

रविवारचा_गळ
माझा २ नंबरचा आहे :( आणि कणीक फेकताना उडून जाते.

पाणकोंबडी
कणकेत थोडा कापूस पिंजून मळा, धागे धरून ठेवतात, गळावरून सुटत नाही. जास्त नको नाहीतर दगड होतो. आणि गोळा लिंबाएवढा करतात लोक, वाटाण्याएवढा पुरे, गळाचं टोक बाहेर डोकावलं पाहिजे. चारा म्हणून मूठभर टाकता का आधी?

रविवारचा_गळ
मूठभर कसला, अर्धी बादली. लवकर यावेत म्हणून.

पाणकोंबडी
अहो!! आधीच गरमीत मासा कमी खातो, त्याचं पोट तुम्हीच भरून ठेवताय. आणि उरलेलं तळाशी कुजणार, म्हणजे परत तोच ऑक्सिजनचा घोळ. मक्याचे आठदहा दाणे दर वीस मिनिटांनी एकाच जागी, बास.

मीनमेख
फ्लोटबद्दल कोणी बोललं नाही. नवीन लोकांचा फ्लोट पाण्यावर निम्मा वर उभा असतो, दीपस्तंभासारखा. माशाने आमिष तोंडात घेतलं की त्याला एवढी मोठी वस्तू खाली ओढावी लागते, तो लगेच थुंकतो. शिशाचे बारीक मणी वाढवत जायचं, नुसती शेंडी दिसेल इतकं. आधी खोली मोजा, गळाला एक जड शिसं लावून सोडा, फ्लोट बुडाला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली, शेंडी बरोबर पाण्यावर आली की तेवढी खोली. तळाला जायचंच असेल तर गळ तळाला जेमतेम टेकेल असं, आणि गाळ काळा असेल तर फूटभर वर.

आणि बुडण्याचीच वाट बघू नका. फ्लोट अचानक वर येऊन आडवा झाला तर माशाने आमिष शिशासकट उचललंय, तेव्हाच झटका द्यायचा. कार्प आणि तिलापिया असं खूप करतात. पहिली काही वर्षं मी असा आडवा फ्लोट बघून म्हणायचो, अरे वाऱ्याने पडला.

दगड_मारणारा
झटका म्हणजे किती? मी मारला की मासा डोक्यावरून मागे झाडात जातो.

मीनमेख
मनगट उचलायचं फक्त. क्रिकेट नाही ते.

गाळात_पाय
जरा अवांतर. बास हा मासा पकडणाऱ्यांसाठी, मोठ्या तोंडाच्या बासचा जागतिक विक्रम दोघांच्या नावावर बरोबरीत आहे हे माहीत होतं का? १९३२ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी २२ पौंड ४ औंसाचा धरला, म्हणजे दहा किलोच्या वर. मग २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी जवळपास औंसभर जास्त वजनाचा धरला, पण विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात म्हणून बरोबरी. ७७ वर्षं थांबून औंसभराने राहिलं. आणि आपण चपलेवर खूश.

डोहकाठी
रात्रीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दुपार सोडायची असेल आणि सकाळ जमत नसेल तर दिवस मावळल्यावर तीन तास कॅटफिशला द्या. त्याला दिसायची गरज नाही, मिशांवर आणि अख्ख्या कातडीवर चव कळायच्या पेशी असतात, वासाचं आमिष शोधत येतो. गांडुळांचा जुडगा लावा. पण काढताना सांभाळून, पाठीवरच्या पराला एक आणि दोन्ही बाजूच्या परांना एकेक असा काटा असतो, तो ताठ करून अडकवून ठेवतो. हातात घुसला की रात्रभर ठणकतं. पोटाखालून हात घालून बाजूच्या काट्यांच्या मागे धरायचं, किंवा जाड ओलं फडकं. एकट्याने अंधारात जाऊ नका, डोक्याला लावायचा टॉर्च हवाच, आणि तो पाण्यावर मारू नका.

निवांत_बगळा
सोडून देणाऱ्यांसाठी पण एक. तापलेल्या पाण्यात मासा झुंजून लवकर दमतो आणि सावरायला वेळ लागतो, पोहत गेला म्हणजे जगला असं नाही. म्हणून फार खेळवू नका, हात ओले करून धरा नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग लागतो, फोटो काढायचा तर मोबाईल आधी तयार ठेवा. गळ घशात खोल गेला असेल तर उचकटू नका, तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) जवळून कापून टाका. गळाचा उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून ठेवला तर माशाचाही सुटतो आणि आपल्या बोटातलाही. हे बोटाचं मी अनुभवाने सांगतोय, तपशील विचारू नका.

पाणकोंबडी
आणि उथळ पाण्यात ताटाएवढे गोल स्वच्छ खड्डे दिसले की ती तिलापियाची किंवा सनफिशची घरटी. तिलापियाची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. तिला भूक नसते, घरट्याजवळचे मासे रागाने चावतात म्हणून सोपे मिळतात, पण मी तिथे टाकत नाही. मरळीच्या लालसर पिल्लांचा पुंजका दिसला तर आईबाप खालीच असतात, त्यांना ओढलं की इतर मासे दहा मिनिटांत पिल्लं संपवतात.

नवा_गळ
परवाना वगैरे लागतो का?

खंड्या
तळं कोणाचं आहे त्यावर. काठावर पाटी असते, नसली तर जो सांभाळतो त्याला विचारायचं. विणीच्या दिवसांत बंदी असते बऱ्याच ठिकाणी. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी न्या, माझ्या नावाच्या पक्ष्यांच्या पायात अडकतो.

रविवारचा_गळ
मंडळी, रिपोर्ट!! काल पहिल्यांदा पावणेसातला पोचलो, बायकोला वाटलं तब्येत बरी नाही. बांधाची जागा सोडली. शिशाचा वास आधी घेतला, वाईट चूक केली. मग वारा तोंडावर येतो त्या काठाला, लव्हाळ्याच्या कडेला बसलो, खोली मोजली तर छातीभर. १० नंबरचा गळ, कापूस घातलेली कणीक, मक्याचे दहा दाणे टाकून मागे येऊन बसलो. अर्धा तास काही नाही. मग फ्लोट आडवा झाला आणि मी इतका बघत राहिलो की झटका द्यायचं विसरलो. दुसऱ्यांदा दिला. नऊपर्यंत तीन तिलापिया, तळहातापेक्षा मोठ्या, आणि एकीच्या तोंडात बारीक पिवळी अंडी दिसली म्हणून लगेच सोडली.

त्यानंतर काहीतरी मोठं लागलं. रॉड वाकला, रीळ एक सूत पण सोडेना, दोन सेकंदात फट्. तंगूस गाठीपाशी तुटला. पाय थरथरत होते खरंच सांगतो.

आणि काका! काका मागून आले, माझ्या बादलीत डोकावले आणि पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "उद्यापासून इथे बसू नकोस, ही माझी जागा आहे."

दगड_मारणारा
हाहाहा काकांचं आमिष कळलं का शेवटी

रविवारचा_गळ
गांडूळ. साधं गांडूळ. आता ते रिळाचं सांगा, का तुटला?

निवांत_बगळा
दोन कारणं असतील. रिळाचा ड्रॅग (दोरा किती ओढीला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) पूर्ण आवळलेला होता. तंगूस जेवढं वजन पेलतो त्याच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला रिळाने सोडायला लागलं पाहिजे, घरी दाराच्या कडीला साधा वजनकाटा अडकवून ओढून बघा. दुसरं गाठ. आवळताना तोंडात धरून ओली करता का? कोरडी आवळली की घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. तंगूस दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, पुढे आलेल्या फासातून अख्खा गळ ओवून घ्या, ओली करा, आवळा. पालोमार म्हणतात तिला. आणि शेवटचा हातभर तंगूस बोटांतून फिरवून बघा, खरखरीत लागला तर कापून टाका, लव्हाळ्यात घासला असणार.

रविवारचा_गळ
खरखरीत आहे. आत्ता बघितला. कापतोय.

पाणकोंबडी
आणि जागा काकांच्या डाव्या हाताला वीस पावलं धरा, लव्हाळा तिथेही असेलच. बोलायला लागलेत तर घालवू नका.